खेळाच्या सरावाचे नियम: त्यांचा पूर्वेतिहास व आपले कर्तव्य

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी धर्मग्रामाच्या गतकालाचे स्मरण करावे, ही रीत जुनी व योग्यच आहे. ख्रिस्तमंदिराची उभारणी, धर्मगुरूंची परंपरा, भगिनीसंघाचे व तरुणसंघाचे कार्य, ह्या विषयांस स्मरणिकेत मानाचे स्थान मिळते व मिळावे. आम्ही मात्र ह्या प्रसंगी वाचकांचे लक्ष ख्रिस्तमंदिराशेजारच्या पटांगणाकडे वेधू इच्छितो. तेथे शाळा सुटल्यावर आपली मुले-मुली धावतात, चेंडूमागे पळतात, पडतात, पुन्हा उठतात. ज्या नियमांच्या आश्रयाने ती तेथे सुखरूप राहतात, त्या नियमांनाही एक इतिहास आहे. तो फारसा कोणी सांगत नाही. परंतु तो सांगितल्याखेरीज त्या नियमांची किंमत कळावयाची नाही.

हा इतिहास बहुतांशी अमेरिकेतील संयुक्त संस्थानांत घडला. तेथील शाळांतून जो फुटबॉल खेळला जातो, तो आपल्याकडील पायांनी खेळावयाचा खेळ नव्हे. त्यात चेंडू हातांत धरून पुढे न्यावयाचा असतो, व प्रतिपक्षाने धरून, ढकलून, खाली पाडून तो अडवावयाचा असतो. साहजिकच दुखापती ह्या खेळाच्या पाचवीला पुजलेल्या. येशूसंघीय धर्मगुरूंनी चालविलेल्या जॉर्जटाउन विद्यापीठात 1894 सालच्या एका सामन्यात एका खेळाडूस जबर इजा झाली व पुढे तीतच त्याचा अंत झाला. तेव्हा विद्यापीठाने काही वर्षे तो खेळच बंद ठेवला. पण देशभर हे वेड वाढतच होते. 1905 च्या हंगामात एका वृत्तपत्राने मृतांची मोजदाद केली, ती अठरा भरली. त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थी तीनच होते. बाकीच्यांत शाळकरी मुलांचा भरणा मोठा होता.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ह्या तीन विद्यापीठांच्या प्रतिनिधींस आपल्या निवासस्थानी पाचारण केले. रूझवेल्ट स्वतः मर्दानी खेळांचे भोक्ते. त्यांस खेळ बंद करावयाचा नव्हता, सुधारावयाचा होता. वर्षअखेरीस न्यूयॉर्क येथे अनेक विद्यालयांचे प्रतिनिधी एकत्र आले, व 1906 साली नवे नियम अमलात आले. दोन्ही पक्षांच्या रांगांमध्ये मोकळी जागा राखावी, पाच यार्डांऐवजी दहा यार्ड पुढे सरकल्यावाचून चेंडूवरील हक्क टिकू नये, आणि चेंडू हाताने पुढे फेकण्यास मुभा असावी, असे ते मुख्य नियम होते. माणसांच्या ढिगाऱ्यात चेंगराचेंगरी करण्याऐवजी खेळ मैदानभर पसरावा, हा त्यांचा हेतू.

नियमांनी खेळाची मर्दुमकी जाईल, अशी ओरड तेव्हाही झाली. तिचे उत्तर मैदानावरच मिळाले. 1913 च्या नोव्हेंबरात नोटर डेम ह्या कॅथलिक विद्यापीठाच्या संघाने वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाच्या बलाढ्य संघास 35 विरुद्ध 13 असे हरविले, ते मुख्यतः चेंडू पुढे फेकण्याच्या ह्याच मुभेचा कौशल्याने उपयोग करून. प्राण वाचविण्यासाठी केलेल्या नियमाने खेळाचे सौंदर्य वाढविले, हे सर्वांनी पाहिले.

पुढे 1920 साली शालेय क्रीडासंस्थांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, आणि 1931 पासून फुटबॉलमधील मृत्यूंची वार्षिक पाहणी सुरू झाली. ह्या पाहणीचे महत्त्व विशेष आहे. जोवर एखादा मृत्यू एकाच गावाचे दुःख असतो, तोवर लोक त्यास दैवगती म्हणतात. तेच मृत्यू एका वहीत एकाखाली एक लिहिले, म्हणजे त्यांतील कारणे डोळ्यांसमोर उभी राहतात. 1968 साली आघाताने मृत्यू पावलेल्या खेळाडूंची संख्या 36 पर्यंत गेली. पाहणीत असे आढळले की, नवी कठीण शिरस्त्राणे आल्यापासून मुले निर्धास्तपणे डोके पुढे करून मुसंडी मारू लागली होती. संरक्षणाचे साधन हेच शस्त्र बनले होते! तेव्हा 1973 साली शिरस्त्राणांचे प्रमाण ठरविण्यात आले, व 1976 साली डोके पुढे करून भिडण्यास मनाई झाली. 1990 साली आघाताने एकही मृत्यू झाला नाही. पाहणी सुरू झाल्यापासून असे वर्ष प्रथमच उगवले.

येथवरचा इतिहास सामन्यांच्या नियमांचा. पण वहीत मृत्यूंचा दुसराही एक रकाना होता, आणि तो सामन्यांच्या नियमांनी भरून निघण्यासारखा नव्हता. ती मुले कोणाच्या धक्क्याने मेली नव्हती. ती उन्हाने मेली होती. आणि बहुतेक सामन्यात नव्हे, तर सरावात. त्यातही ऑगस्ट महिन्यात, सुट्टी संपून सराव सुरू होताच पहिल्या काही दिवसांत. ह्याचे कारण उघड आहे. सामन्यास पंच असतो, प्रेक्षक असतात, शिट्टी असते, ठरलेली विश्रांती असते. सरावास ह्यांतले काहीच नसते. तेथे शिक्षकाचा शब्द हाच कायदा. आणि त्या काळी तो शब्द बहुधा कठोर असे. पाणी मागणे हे दुबळेपणाचे लक्षण, असा समज कित्येक पिढ्या चालत आला. 1954 साली टेक्सास संस्थानातील जंक्शन गावी बेअर ब्रायंट नामक नामांकित प्रशिक्षकाने आपल्या महाविद्यालयीन संघाचे शिबिर भरविले. तेथे कडक उन्हात पाण्यावाचून कवायत चाले, पुष्कळ मुले शिबिर सोडून गेली, आणि एकजण उष्माघाताने मरता मरता वाचला. लोकांनी मात्र त्या शिबिराची शौर्यकथा केली.

ज्या ज्ञानाने हा समज खोटा ठरला, ते त्याच सुमारास सैनिकांच्या छावणीत सिद्ध होत होते. दक्षिण कॅरोलिनातील पॅरिस बेटावर नवशिक्या नौसैनिकांस कवायतीत उष्माघात होत असे. यॅग्लू व मिनार्ड ह्या दोन संशोधकांनी 1957 साली उष्णतेच्या धोक्याचे एक माप प्रसिद्ध केले. त्यात तीन तापमापकांचा उपयोग होतो. पहिल्याच्या फुग्यावर ओले फडके असते, दुसरा काळ्या पोकळ गोलात असतो, तिसरा साध्या हवेत सावलीत असतो. एकंदर मापात ओल्या फडक्याच्या तापमापकास दहांपैकी सात भाग, काळ्या गोलास दोन, व साध्यास अवघा एक भाग दिलेला आहे.

ह्या सात भागांचे मर्म आमच्या किनारपट्टीच्या रहिवाशांनी अवश्य जाणावे. घाम आल्याने शरीर थंड होत नाही; तो घाम वाळल्याने होते. हवेतच ओलावा दाटलेला असला, म्हणजे घाम अंगावरून नुसता वाहतो आणि आतील ताप आतच राहतो. म्हणून साधा तापमापक माफक आकडा दाखवीत असतानाही समुद्रकाठचा दमट दिवस कोरड्या माळावरच्या कडक उन्हाळ्याहून घातक असू शकतो. आमच्याकडे पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात, महिनोन्महिने घरात बसलेली मुले एकदम मैदानावर उतरतात. अमेरिकेतील ऑगस्टाची हीच का आमची आवृत्ती नव्हे?

ज्ञान असूनही नियम होण्यास अर्धे शतक लागले. 2001 च्या ऑगस्टात कोरी स्ट्रिंगर हा व्यावसायिक, धडधाकट, अनुभवी खेळाडू सरावातील उष्माघाताने मरण पावला, तेव्हा सारा देश हादरला. 2003 साली महाविद्यालयांसाठी, आणि 2009 साली माध्यमिक शाळांसाठी, शरीरास उन्हाची सवय लावण्याचे नियम तज्ज्ञांच्या मंडळाने सांगितले. शाळांचे नियम चौदा दिवसांचे आहेत. पहिले पाच दिवस दिवसातून एकदाच सराव व तोही तीन तासांच्या आत. पहिले दोन दिवस फक्त शिरस्त्राण. तिसऱ्या दिवसापासून खांद्यांचे कवच. पूर्ण सामग्री सहाव्या दिवसापासून. त्यानंतर एखाद्या दिवशी दोनदा सराव घेतल्यास दुसऱ्या दिवशी एकदाच, आणि दोन सरावांच्या मध्ये निदान तीन तास थंड जागी विसावा. जॉर्जिया संस्थानाच्या शालेय क्रीडासंस्थेने 2012 साली वर सांगितलेले तिहेरी मापच प्रमाण धरले. ते सुमारे 33 अंश सेल्सिअसच्या वर गेले की उघड्यावर सराव नाही, मग सामना उद्यावर असो वा परवावर.

मध्यंतरी 2008 च्या ऑगस्टात केंटकी संस्थानात एक पंधरा वर्षांचा मुलगा शाळेच्या सरावात उष्माघाताने कोसळला व तीन दिवसांनी वारला. त्याच्या प्रशिक्षकावर फौजदारी खटला भरण्यात आला. 2009 साली ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले. त्या निर्णयाची चर्चा आम्हांस कर्तव्य नाही. परंतु त्याच वर्षी त्या संस्थानाने कायदा केला, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे: सुरक्षिततेचे शिक्षण घेतलेला एक तरी माणूस प्रत्येक सामन्यास, तसाच प्रत्येक सरावास, हजर असलाच पाहिजे. सराव हे सामन्याइतकेच जबाबदारीचे स्थळ आहे, हे तेथे कायद्याने मान्य केले.

मेंदूस बसणाऱ्या हादऱ्याविषयीही असेच झाले. वॉशिंग्टन संस्थानात 2006 साली तेरा वर्षांचा एक मुलगा डोक्यास मार लागल्यावर पुन्हा त्याच सामन्यात उतरला, आणि जन्माचे अपंगत्व घेऊन बसला. 2009 साली तेथे कायदा झाला की, हादऱ्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूस तत्काळ बाहेर काढावे, व वैद्यकाच्या लेखी परवानगीवाचून परत खेळू देऊ नये. 2014 पर्यंत पन्नासही संस्थानांनी अशा अर्थाचे कायदे केले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने ठरविले की, अंगाला अंग भिडविण्याचा सराव आठवड्यातून दोनदाच, आणि प्रत्येक वेळी 90 मिनिटांच्या आत असावा.

सुज्ञ वाचक विचारतील, ह्या परदेशी हकीकतीचा आपल्या धर्मग्रामाशी संबंध काय? संबंध असा की, ह्या कायद्यांच्या मुळाशी जे तत्त्व आहे, ते आपल्या घरचेच आहे. संत डॉन बॉस्को ह्यांनी तुरीन शहरातील निराधार मुलांस ख्रिस्तमंदिराशेजारच्या अंगणात खेळावयास जमविले, आणि 1877 साली आपली शिक्षणपद्धती लिहून ठेवली. तिचे नावच प्रतिबंधक पद्धती. अपराध झाल्यावर शिक्षा करणे सोपे. तो घडूच नये म्हणून मुलांमध्ये प्रेमाने सदैव वावरणे, ही खऱ्या शिक्षकाची रीत, असे त्यांचे सांगणे होते. त्यांचे सलेशियन शिष्य 1906 साली तंजावरास उतरले, व तेथून ही रीत भारतभर पसरली. केंटकीच्या कायद्याने ज्या हजर माणसाची सक्ती केली, तो डॉन बॉस्को ह्यांच्या अंगणात आधीपासून उभा होता. संत पौलाने शरीरास पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. आणि आपण दगडामातीच्या मंदिराची ज्युबिली करीत असता, ह्या सजीव मंदिरांची डागडुजी विसरून कसे चालेल?

तेव्हा ह्या इतिहासातून आपल्या पटांगणापुरते जे निघते, ते आम्ही थोडक्यात मांडतो. सुट्टीनंतर वा पावसाळ्यानंतर सराव हळूहळू वाढवावा. पहिल्याच दिवशी मुलांचा कस पाहू नये. पाणी मागितल्यावर द्यावयाचे नसते. ते जवळ ठेवून, थांबवून, पाजावयाचे असते. धावण्याच्या फेऱ्या शिक्षा म्हणून देऊ नयेत. मैदानाजवळ सावली असावी, आणि एका मोठ्या टबात थंड पाणी व बर्फ तयार असावा. मूल अडखळू लागले, असंबद्ध बोलू लागले, विनाकारण चिडू लागले, तर अंग घामाने भिजलेले असले तरीही तो उष्माघात समजावा. अशा वेळी त्यास प्रथम गार पाण्यात बसवावे, मग दवाखान्यात न्यावे. वाटेत गेलेली पहिली तीस मिनिटे परत मिळत नाहीत. डोक्यास मार लागलेल्या मुलाने त्या दिवशी पुन्हा खेळू नये, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून पुढेही खेळू नये. शेवटी, मोठे माणूस हजर नसेल तर सराव नाही.

ह्यात पैशाचा प्रश्न फारसा नाही. एक टब, एक बर्फाची लादी, एक सावली देणारे झाड, आणि तास दोन तास उभा राहणारा एक जबाबदार माणूस, एवढेच लागते. शेवटची गोष्टच दुर्मिळ आहे, हे आम्ही जाणतो. धर्मग्रामातील ज्या पालकांस संध्याकाळची सवड आहे, जे निवृत्त शिक्षक आहेत, ज्या परिचारिका भगिनी आहेत, त्यांनी आपसांत वार वाटून घेतले, तर ज्युबिलीची ती एक शोभिवंत आठवण ठरेल.

अमेरिकेतील प्रत्येक नियमाच्या मागे एखाद्या मातेचे अश्रू आहेत. ते नियम तिने आपले मूल देऊन विकत घेतले. आपणांस ते फुकट मिळत आहेत. ते तसेच फुकट घ्यावे, त्यांची किंमत नव्याने मोजण्याची पाळी आपल्या कोणत्याही घरावर येऊ देऊ नये, आणि पुढील ज्युबिलीच्या स्मरणिकेत ह्या पटांगणाचा इतिहास केवळ विजयांचा व आनंदाचाच लिहिला जावा, हीच दयाघन प्रभूचरणी, पवित्र मरियेच्या मध्यस्थीने, आमची नम्र प्रार्थना आहे.