कोथिंबिरीची नोंद

पन्नास रुपयांची भाजी घेतली की वर चार काड्या कोथिंबीर फुकट मिळणं, हा मध्यमवर्गीय माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे. पावसाळ्यात जुडीचे भाव कडाडले की भाजीवाली हा हक्क तहकूब करते, ती गोष्ट वेगळी.

मी बँकेतला कारकून. फुकट दिलेल्या वस्तूची नोंद होत नसते, हे मला बी.कॉम. होण्याआधीपासून ठाऊक. पण कोथिंबिरीची नोंद आहे, आणि तीही सुमारे बत्तीसशे वर्षांपूर्वीची! ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यात मातीच्या पाट्या सापडल्या. मायकेल व्हेंट्रिस नावाच्या वास्तुशिल्पकारानं 1952 साली त्यांची लिपी उलगडली. आत महाकाव्य वगैरे काही नव्हतं, होते निव्वळ हिशेब. सुगंधी तेल करणाऱ्याला कुणी किती धने दिले, हे त्यात चोख मांडलंय. लिहिणारा आमच्याच जातकुळीचा असणार. त्याहीआधी इजिप्तच्या तुतनखामेन राजाबरोबर थडग्यात धने ठेवले होते. 1922 साली ते थडगं सापडलं, तेव्हा सोन्याचा एवढा गाजावाजा झाला की धन्यांकडे बघतो कोण?

आपल्याकडे तर खुद्द पाणिनीनं कोथिंबिरीसाठी एक सूत्र खर्ची घातलंय. वनस्पती म्हणायची असेल तर ‘कुस्तुंबुरु’, मधला ‘स’ हवाच. तो गाळून ‘कुतुंबुरु’ म्हटलंत तर अर्थ होतो वाईट तुंबुरु. एका अक्षरासाठी एवढी काटेकोर अट! सहीतल्या एका वेलांटीवरून चेक परत करणाऱ्या आमच्या साहेबांचा हा मूळ पुरुष म्हणायचा. त्याच कुस्तुंबुरूची झिजून झिजून कोथिंबीर झाली.

आमच्या आईला पाणिनी ठाऊक नव्हता. पण उन्हाळ्यात लघवीला जळजळ म्हटली की रात्री धने भिजत घालायचे आणि सकाळी ते पाणी गाळून खडीसाखरेसह प्यायला द्यायचे, हे पाठ होतं. जळजळ धन्यांनी थांबायची की भरपूर पाणी पोटात गेल्यानं, हे विचारायची सोय नव्हती. धनत्रयोदशीला त्याच धन्यांचा गुळाबरोबर नैवेद्य. उरलेले गोड्या मसाल्यात.

आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ मात्र मिसळीवरची कोथिंबीर एकेक पान वेचून बाजूला काढतात. साबण खाल्ल्यासारखं वाटतं म्हणे. आम्ही त्यांना नखरेल ठरवून मोकळे झालो होतो. पण 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या साबणचवीचा संबंध वास ओळखणाऱ्या जनुकांशी जोडला गेला. तेव्हा आता त्यांना कुणी हसत नाही. त्यांनी वेचलेली पानं मी माझ्या मिसळीवर ओढून घेतो. विनामूल्य.