चाक की झाकण?

19 जानेवारी 1984 रोजी फ्रान्सेस्को मोझेर या इटालियन सायकलपटूने मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर तासाभरात 50.808 किलोमीटर अंतर कापले आणि चारच दिवसांनी तो आकडा 51.151 वर नेला. एडी मर्क्सचा 49.431 चा विक्रम 1972 चा, तोही याच शहरातला. इतकी वर्षे तो कुणाला मोडता आला नव्हता. मोझेरच्या सायकलच्या चाकांना तारा नव्हत्याच. परातीसारख्या भरीव तबकड्या होत्या, त्यातही मागची पुढच्यापेक्षा मोठी. हवेला चुकवणाऱ्या चाकाचा जन्म तेव्हापासून 1984 सालचा मानला जातो. माझ्या मते त्या वर्षी चाकाचा शोध लागला नाही, नियमातली फट सापडली.

कारण यामागचे गणित जुनेच आहे. सायकल ताशी 50 किलोमीटरने धावते तेव्हा चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो आणि माथा मात्र ताशी 100 ने पुढे जात असतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे सगळ्यात जास्त हवा घुसळतात त्या वरच्या बाजूच्या तारा, आणि हे कळायला संगणक लागत नाही. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघालाही वाऱ्याचे महत्त्व चांगले ठाऊक होते. टॉर्पेडोसारखे कवच चढवलेल्या सायकली धावू लागल्या तेव्हा 1914 मध्ये त्याने अशा जोडण्यांवर बंदी घातली. 1933 मध्ये फ्रान्सिस फोरने पाठीवर रेलून चालवायच्या सायकलवर तासाला 45.055 किलोमीटर काढले, तर पुढच्याच वर्षी ती सायकलही बाद झाली. या न्यायाने तारांच्या चाकावर कापड किंवा प्लास्टिक ताणून बसवणे म्हणजे झाकण, आणि झाकण निषिद्ध. मोझेरच्या तबकडीखाली तारा नव्हत्या. स्वाराचा भार तबकडीच पेलत होती. ती काढली तर चाकच उरत नाही, मग तिला झाकण कसे म्हणणार? या वकिली मुद्द्यावर ती तरली.

कुणी म्हणेल, कार्बन फायबर हाताशी आल्यावरच हे शक्य झाले. हलकी आणि ताठ तबकडी त्यामुळे बनली, हे मान्य. पण हवेपुरते बघितले तर स्वस्तातले प्लास्टिकचे आवरणही जवळपास तेच काम करते आणि शर्यतीत ते आजही चालत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मेक्सिको सिटी सव्वादोन हजार मीटर उंचीवर, तिथली हवा विरळ, शिवाय स्वतःचेच साठवलेले रक्त पुन्हा शरीरात चढवल्याची कबुली मोझेरने नंतर दिली, जे तेव्हा नियमबाह्य नव्हते. मग श्रेय चाकाला किती? थोडेच. बहुतेक हवा स्वाराचे अंगच अडवते. 1989 च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँडने लोराँ फिन्योंची 50 सेकंदांची आघाडी मोडून 8 सेकंदांनी स्पर्धा जिंकली, तेव्हा फिन्योंच्या दोन्ही चाकांना तबकड्या होत्या, लेमाँडच्या फक्त मागच्या चाकाला. लेमाँडने हँडलला पुढे काढलेल्या दांड्या लावून कोपर आत घेतले होते. त्यातून पुढच्या तबकडीला आडवा वारा लागला की हँडल खेचले जाते, ते वेगळेच. चाकाची महती सांगणारे हा दाखला सोयीने विसरतात.

महासंघाने मात्र चाकालाही धरले. 2000 पर्यंत नियम असे फिरले की तासाच्या विक्रमासाठी पुन्हा मर्क्सच्या काळासारखी सायकल आणि तारांची चाके सक्तीची झाली. मोझेरचे आकडे वेगळ्या यादीत गेले. 1996 मध्ये हात ताणून पुढे झेपावलेल्या पवित्र्यात 56.375 किलोमीटर काढणाऱ्या ख्रिस बोर्डमनला 2000 मध्ये मँचेस्टरमध्ये 49.441 वर थांबावे लागले, मर्क्सपेक्षा अवघे 10 मीटर पुढे. 2014 मध्ये तबकड्यांना पुन्हा मुभा मिळाली आणि त्याच सप्टेंबरात 43 वर्षांच्या येन्स फोख्टने स्वित्झर्लंडमधल्या ग्रेनखेन इथे 51.110 चा नवा अधिकृत विक्रम नोंदवला. मोझेरच्या आकड्यापेक्षा तो 41 मीटरने कमी होता.