हरवलेल्या उंटापासून अकितादापर्यंत

खुलताबादला आलेला माणूस बहुधा दोन ठिकाणी जातो, भद्रा मारुतीच्या दर्शनाला नाहीतर औरंगजेबाच्या कबरीकडे. जरा सवड असलीच तर जरजरी जरबक्षांचा दर्गा आणि मलिक अंबरचा मकबरा. अमीर हसन सिज्झी हा फारसी कवीही याच गावात चिरविश्रांती घेतो आहे, पण त्याची चौकशी क्वचितच कुणी करतं. ‘ऐतिहासिक हेरकथा’ नावाचा जो प्रकार आज जगभर आवडीनं वाचला जातो, त्याचं कूळ शोधत गेलं तर वरच्या पिढ्यांत या हसनच्या जिवलग मित्राचं नाव निघतं. प्राचीन जपानमध्ये गुन्ह्यांचा छडा लावणारा सुगावारा अकितादा हा याच घराण्याचा आजचा वारस.

हसनचा तो मित्र म्हणजे अमीर खुस्रो. दोघांनी तरुणपणी मुलतानला एकाच शाहजाद्याच्या पदरी चाकरी केली आणि दोघेही निजामुद्दीन औलियांचे शिष्य झाले. हसननं १३०८ ते १३२२ या काळात गुरूंची संभाषणं टिपून ठेवली. तोच ग्रंथ ‘फवाइदुल फुआद’. पुढं महंमद तुघलकानं राजधानी देवगिरीला हलवली, तेव्हा दिल्लीकरांच्या लोंढ्याबरोबर हसनही दख्खनमध्ये आला आणि १३३६च्या सुमारास इथंच वारला. खुस्रो मात्र हे स्थलांतर पाहायला उरला नव्हता. त्याआधीच, १३२५ साली, तो दिल्लीत गेला, पण जाताना एक गोष्ट मागं ठेवून गेला.

ती गोष्ट आहे त्याच्या ‘हश्त बिहिश्त’ या १३०२च्या सुमाराच्या काव्यात. सरंदीपचे, म्हणजे सिंहलद्वीपाचे, तीन राजपुत्र मुलूखगिरीला निघालेले असतात. वाटेत उंट हरवलेला एक माणूस भेटतो. उंट पाहिलात का, असं तो विचारतो. राजपुत्र त्यालाच उलट विचारतात, तुझा उंट एका डोळ्यानं आंधळा आहे ना? त्याचा एक दात पडलाय? एका पायानं लंगडतो? पाठीवर एका अंगाला तेल आणि दुसऱ्या अंगाला मध आहे? वर बसलेली बाई गरोदर आहे? सगळ्या खुणा तंतोतंत पटतात. साहजिकच चोरीचा आळ राजपुत्रांवर येतो आणि त्यांना राजापुढं उभं केलं जातं. तिथं ते उलगडा करतात. वाटेच्या एकाच बाजूचा पाला खाल्लेला होता. चघळून टाकलेल्या चोथ्याचे गोळे दाताच्या फटीएवढे होते. एका पायाचं पाऊल उमटण्याऐवजी फरफटलेलं होतं. एका कडेला मुंग्यांची रांग लागली होती, दुसऱ्या कडेला माश्या घोंगावत होत्या. आणि उंट जिथं बसला होता तिथं बाईच्या पावलांजवळ तळहातांचे ठसे होते, कारण जड अंगाच्या बाईला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. उंट त्यांनी पाहिलेलाच नव्हता.

लोककथेत असले उंट खुस्रोच्या आधीही फिरत होते. पण युरोपात जी कथा गेली ती मुख्यतः त्याच्या काव्याच्या वाटेनं. १५५७ साली व्हेनिसमध्ये ती इटालियन भाषेत छापली गेली. १७४७च्या सुमारास व्होल्तेरनं ‘झादिग’मध्ये उंटाऐवजी राणीची कुत्री आणि राजाचा घोडा आणला, बाकी युक्ती तीच ठेवली. १८८० साली टॉमस हक्सलेनं ‘झादिगची पद्धत’ याच नावानं व्याख्यान दिलं आणि भूगर्भशास्त्र, पुराजीवशास्त्र या विद्यादेखील याच रीतीनं चालतात, असं दाखवून दिलं. तोवर एडगर अ‍ॅलन पोच्या १८४१ सालच्या कथेतून आधुनिक गुप्तहेर जन्मला होता. १८८७ साली शेरलॉक होम्स आला आणि बुटावरच्या चिखलावरून माणसाचा माग काढू लागला.

इथवर हेर आपल्याच काळात वावरत होता. त्याला जुन्या काळात नेऊन बसवण्याचं काम विसाव्या शतकाचं, आणि त्यात जपान फार लवकर पुढं आलं. ओकामोतो किदो हा नाटककार होम्सच्या कथा इंग्रजीतून वाचत असे. आपल्याकडच्या जुन्या एदो शहरात असा माणूस असता तर, या विचारातून त्यानं १९१७ पासून हानशिचीच्या कथा लिहायला घेतल्या. हानशिची हा शहर कोतवालीच्या हाताखालचा साधा माणूस. अशा सुमारे सत्तर कथा किदोनं लिहिल्या आणि जपानीत ‘तोरिमोनोचो’ नावाचा एक वेगळाच प्रवाह सुरू झाला. अ‍ॅगाथा ख्रिस्तीनं प्राचीन इजिप्तमधली खुनाची कादंबरी लिहिली ती १९४४ साली, म्हणजे पाव शतकाहून अधिक काळानं.

दुसरा धागा चीनचा. रॉबर्ट व्हान गुलिक हा डच राजदूत मूळचा संस्कृतचाही अभ्यासक. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’चं त्यानं डचमध्ये भाषांतर केलं होतं, हयग्रीवावर प्रबंध लिहिला होता, आणि पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी तो दिल्लीच्या वकिलातीतही होता. तांग काळातला न्यायाधीश दी याच्यावरची एक जुनी चिनी कादंबरी त्यानं इंग्रजीत आणली आणि १९४९ साली टोकियोत छापली. मग स्वतःच दीच्या नव्या कथा रचल्या. यामागं त्याचा एक आग्रह होता. चिनी-जपानी लेखकांनी पाश्चात्त्य हेरकथांच्या नकला करत बसण्यापेक्षा आपल्याच जुन्या न्यायकथांकडं वळावं, असं त्याचं म्हणणं होतं.

या वाटेनं चालत आली आय. जे. पार्कर. तिचा जन्म म्युनिकचा, नोकरी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विद्यापीठात प्राध्यापकाची, आणि लेखनाचा मुलूख अकराव्या शतकातला जपान. १९९०च्या दशकात तिच्या कथा मासिकांतून येऊ लागल्या. अकितादाच्या पहिल्या प्रकरणावरच्या कथेला २००० साली हेरकथांसाठीचा शेमस पुरस्कार मिळाला आणि २००२ साली ‘राशोमोन गेट’ ही कादंबरी आली. अकितादा हा घरंदाज, पण खिशानं फाटका. न्याय खात्यातला कारकून. त्याचं सुगावारा घराणं खरं. त्यातला विद्वान मंत्री मिचिझाने ९०१ साली दरबारी कारस्थानामुळं हद्दपार झाला आणि मरणानंतर विद्येचा देव म्हणून पुजला गेला. वरिष्ठांची मर्जी सांभाळत सत्य शोधायचं ही अकितादाची रोजची कसरत. एका कादंबरीत प्रांताचा वसूल घेऊन निघालेले तांडे राजधानीला पोचतच नाहीत, त्यांचा शोध त्याच्या गळ्यात पडतो. दुसरीत विद्यापीठातल्या परीक्षेच्या भानगडीचा तपास येतो.

पार्करचं बळ यातच आहे की तिचा गुन्हा त्या समाजाच्या पोटातून येतो. त्या काळी राजधानीत सुमारे साडेतीन शतकं, ८१० ते ११५६, देहदंड प्रत्यक्षात दिला जात नव्हता असं इतिहास सांगतो. मोठ्यात मोठी शिक्षा हद्दपारीची. म्हणजे खुनी सापडला की फासावर चढवून कथा मिटवायची सोय लेखिकेला नाही. समाज बदलला की हेरकथेचा सांगाडाच बदलतो, हे तिच्याकडून शिकावं. नुसते किमोनो आणि तलवारी आणून भागत नाही.

या कुळात एक गमतीचा योगही आहे. उंबेर्तो एकोच्या १९८० सालच्या ‘द नेम ऑफ द रोझ’मध्ये मठात येणारा साधू बर्फातल्या खुणांवरून न पाहिलेल्या घोड्याचं वर्णन करतो, ती व्होल्तेरला दिलेली उघड सलामी. कादंबरीतलं साल आहे १३२७. तुघलकानं देवगिरीला राजधानी आणली, तेही हेच साल.

आता आपलं घर. माग काढण्याची विद्या मराठी मुलखाला परकी नव्हती. चोरी झाली की गावचा रामोशी वा जागल्या पावलं धरून शिवेपर्यंत जायचा आणि माग पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा. तसं करता आलं नाही तर भरपाई त्याच्याच गळ्यात पडायची. एल्फिन्स्टननं १८१९च्या अहवालात ही रीत नोंदवली आहे. शिवाय महजर, दिव्यं आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल आहेतच. मराठीत ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगड’पासून म्हणजे १८७१ पासून आहे, आणि बाबूराव अर्नाळकरांनी हेरकथांचा तर पाऊस पाडला. पण ही दोन घराणी आपल्याकडं सोयरीक करायला फारशी राजी झाली नाहीत. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या चलाख मराठी पोराच्या कथा लिहिल्या त्या व्योमकेश बक्षीच्या जनकानं, शरदिंदु बंद्योपाध्यायांनी. १९५२ पासून ते पुण्यात राहत, पण लिहीत बंगालीत. वेरूळच्या लेण्यांत हेर आणला तो सत्यजित राय यांनी, १९७३ साली, फेलुदाच्या रूपानं. तोही बंगालीच.

आपल्याकडं न्यायाधीश दीच्या तोडीचा माणूस नाही असंही नाही. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी तपास करून खुद्द रघुनाथरावांवर दोष ठेवला. ‘ध’चा ‘मा’ ही आख्यायिका बाजूला ठेवली तरी साक्षीदार, गारदी, भेदरलेला वाडा आणि सत्तेवर बसलेला आरोपी एवढा ऐवज तयार आहे. व्हान गुलिकनं चिनी-जपानी लेखकांना दिलेला सल्ला मराठी लेखकानं आता स्वतःला लावून घ्यावा. मोडी शिकावी, दफ्तरातला एखादा निवाडा उचलावा आणि रामशास्त्र्यांना कामाला लावावं.