एम. ए.च्या वर्गातला बाबासाहेबांचा 'मी'

एम. ए.ला आमच्या आत्मकथनांवर प्रश्न ठरलेला: 'वेदना व विद्रोह स्पष्ट करा.' लिहिलं कसं, हे कुणी पुसत नाही. जणू दलितानं तोंड उघडलं की पुस्तक आपोआप सांडतं!

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' घ्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते छापलं 1990 साली, महापरिनिर्वाणानंतर 34 वर्षांनी. ज्या कोलंबियातून ते 1915 साली एम. ए. झाले, तिथं ते अभ्यासाला लागलं.

प्रसंग सहाच. 1901, मसूर स्टेशन: दुप्पट भाडं घेऊन गाडीवान पायी चालला, बैल पोरांनी हाकले. मग बडोदा. 1929, चाळीसगाव: टांगेवाला बाबासाहेबांना नेईना, म्हणून हाकता न येणाऱ्या आपल्याच माणसानं लगाम धरला नि ते दगडी फरशीवर आपटले. 1934, दौलताबादचा हौद.

इथवर 'मी'. पाचव्यात तो बाजूला सरतो. काठेवाडातल्या अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको. डॉक्टरनं थर्मामीटर दिला तोही मुसलमानाच्या हातून. ती मेली. सहाव्यात भंगी समाजातला तरुण तलाठी बोलतो.

दोस्तहो, ही निवड आहे, मांडणी आहे. नुसता हुंदका नव्हे. पुढच्या अभ्यासवर्गात शेवटचे दोन प्रसंग आधी वाचू.