रोहाटिन, फेलिक्स जॉर्ज

रोहाटिन, फेलिक्स जॉर्ज : (२९ मे १९२८–१४ डिसेंबर २०१९). न्यूयॉर्कच्या लाझार फ्रेर या पेढीचा भागीदार व फ्रान्समधील अमेरिकेचा राजदूत. जन्म व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात. वडील बिअरच्या कारखान्यांचे व्यवस्थापक असल्याने त्याचे बालपण दारिद्र्यात गेले असे म्हणता येत नाही; परंतु आधी ऑस्ट्रिया आणि १९४० मध्ये नाझी फौजा येताच पॅरिसही सोडावे लागल्यावर बारा वर्षांच्या या मुलापाशी जे उरले, ते कोणत्याही निष्कांचन घरातल्या पोरापेक्षा फारसे अधिक नव्हते. फ्रान्समधील अखेरच्या मुक्कामी टूथपेस्टच्या नळ्यांत सोन्याची नाणी दडविण्याचे काम त्याच्याकडे होते. पुढे मोठमोठे सौदे जुळवितानाही, माणसाबरोबर जाते ते डोक्यात असेल तेवढेच, असे तो त्या मुक्कामाचा दाखला देऊन सांगे. ब्राझीलच्या प्रवेशपरवान्यांच्या आधारे कॅसाब्लांका, लिस्बन, रिओ अशी मजल दरमजल करीत हे कुटुंब १९४२ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले.

मिडलबरी महाविद्यालयातून १९४९ मध्ये पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन तो लाझारमध्ये लागला. तेथील धनी आंद्रे मेयर हाही पॅरिसहून परागंदा झालेला, करडा आणि पारखी गृहस्थ. त्याच्या हाताखाली रोहाटिन कंपन्यांच्या विलीनीकरणाचे कसब शिकला. आयटीटी या उद्योगसमूहाने हार्टफर्ड विमा कंपनी घेतली त्या प्रकरणी त्याच्यावरही शिंतोडे उडाले, हे नमूद केलेच पाहिजे.

त्याची खरी कसोटी लागली १९७५ मध्ये. न्यूयॉर्क नगरपालिकेचे रोखे घेण्यास बँका राजी होईनात, तेव्हा गव्हर्नर ह्यू केरी याने म्युनिसिपल असिस्टन्स कॉर्पोरेशन स्थापून रोहाटिनला तीत घेतले. पुढे तोच तिचा अध्यक्ष झाला. १७ ऑक्टोबरला देण्याची मुदत भरत असता, शिक्षकसंघाचा पुढारी अल्बर्ट शँकर याने पुष्कळ आढेवेढे घेऊन निवृत्तिनिधीतील १५ कोटी डॉलर या महामंडळाच्या रोख्यांत गुंतविण्यास रुकार दिला, आणि त्या दिवसापुरते दिवाळे टळले. सावकार, कामगार आणि सरकार या तिघांनाही थोडेथोडे सोडावयास लावून कोणाचीच अब्रू जाऊ न देण्याची ही हातोटी म्हणजेच मुत्सद्देगिरी; वकिलातीचा उंबरठा त्याने नंतर ओलांडला इतकेच.

फेडरल रिझर्व्हच्या उपाध्यक्षपदासाठी १९९६ मध्ये पुढे आलेले त्याचे नाव रिपब्लिकनांच्या विरोधामुळे मागे पडले, तेव्हा पुढील वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटनने त्याला पॅरिसला धाडले (१९९७–२०००). लहानपणीची फ्रेंच भाषा तेथे कामी आली. पॅरिसबाहेरच्या फ्रान्सकडे त्याचे विशेष लक्ष असे. ल्याँसारख्या शहरांत एकच अमेरिकन अधिकारी असलेली लहान कार्यालये त्याने उघडविली.

लहानपणी ज्यांच्या आधारे कुटुंब निसटले, त्या प्रवेशपरवान्यांमागे फ्रान्समधील ब्राझीलचा राजदूत लुईस मार्टिन्स दि सौझा दांतास होता, हे रोहाटिनला फार उशिरा कळले. आपल्या सरकारचे मनाई हुकूम डावलून निर्वासितांना परवाने दिल्याबद्दल दांतासची चौकशी झाली होती. तो १९५४ मध्ये पॅरिसमध्येच वारला; जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने त्याचा मरणोत्तर सन्मान केला तो २००३ मध्ये.