चंद्रावर रुतलेले ड्रिल : अपोलो १५ ची तीन दिवसांची झुंज

#थ्रेड
१.
भिंतीत ड्रिलचे बिट अडकले, तर आपण काय करतो? ड्रिल उलट फिरवतो, चक सैल करतो, पान्याने पिळतो. फारच झाले तर शेजाऱ्याला हाक मारतो. पण भिंतीऐवजी चंद्राची जमीन असेल, हातात फुगलेले हातमोजे असतील आणि सर्वांत जवळचा शेजारी कक्षेत फिरणाऱ्या यानात असेल, तर? १९७१ साली हे खरोखरच घडले. त्याची ही हकीकत.

२.
३० जुलै १९७१ रोजी डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन हे अपोलो १५ चे अंतराळवीर हॅडली घळीजवळ उतरले. तिसरे सहकारी आल्फ्रेड वॉर्डन कक्षेतच राहिले. चंद्रावर मोटार चालवणारी ही पहिली मोहीम म्हणून ती लक्षात राहिली. मात्र तिच्या वेळापत्रकावर सर्वांत मोठा घाला घातला तो एका ड्रिलने.

३.
ड्रिल कशासाठी? चंद्राच्या पोटात अजून उष्णता शिल्लक आहे का, आणि असल्यास ती किती वेगाने बाहेर पडते, हे मोजण्यासाठी. मार्कस लँगसेथ हे या प्रयोगाचे प्रमुख शास्त्रज्ञ होते. जमिनीत दोन खोल छिद्रे पाडायची आणि त्यांत तापमापक सोडायचे, अशी योजना होती. या एका आकड्यावरून चंद्राच्या अंतरंगात किरणोत्सारी मूलद्रव्ये किती असावीत, याचा अंदाज बांधता येणार होता.

४.
खोलीच का हवी? चंद्रावर दिवसा जमीन भाजते आणि रात्री गोठते. त्या चढउताराची झळ वरच्या थरांत मुरत जाते. तिच्या पलीकडे पोहोचल्याशिवाय आतून येणाऱ्या क्षीण उष्णतेचा माग लागत नाही. म्हणून लक्ष्य ठरले सुमारे ३ मीटर. एवढे खोल जायचे तर हाताने ठोकून भागणार नव्हते. यंत्रच हवे होते.

५.
यंत्र बॅटरीवर चालणारे होते आणि एकाच वेळी फिरत व ठोकत असे. मार्टिन मारिएटा कंपनीसाठी त्याच्या जडणघडणीत ब्लॅक अँड डेकरचा हात होता. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बिनतारी ड्रिलचा शोध नासाने लावला, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः ब्लॅक अँड डेकरने बिनतारी ड्रिल १९६१ मध्येच बाजारात आणले होते. चंद्राने त्याला जन्म दिला नाही. त्याची परीक्षा मात्र घेतली.

६.
परीक्षा नेमकी कशाची, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. ७ एप्रिल १८६३ रोजी अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांना पिळाच्या बिटाचे पेटंट मिळाले. बिटाच्या अंगावरच्या त्या नागमोडी खाचा कापण्याचे काम करीत नाहीत. कापते ते टोक. खाचांचे काम म्हणजे कापलेला चुरा वर उचलून बाहेर टाकणे. चुरा बाहेर पडला नाही, तर तो छिद्रातच ठासला जातो आणि बिटाचा गळा आवळतो. सुताराच्या गिरमिटापासून तेलविहिरीपर्यंत हा नियम सारखाच आहे.

७.
दुसरा नाजूक भाग म्हणजे चक, अर्थात बिट धरणारा जबडा. आर्थर जेकब्स यांनी १९०२ मध्ये चावीने आवळायच्या चकाचे पेटंट घेतले. जुन्या पद्धतीचा चक आवळताना बोटांची सालटी निघाली, म्हणून त्यांनी हा विचार केला, असे सांगतात. चकाकडून आपण दोन परस्परविरोधी गोष्टी मागतो : काम चालू असताना घट्ट धर, आणि काम संपताच सहज सोड. खोली आणि जोर वाढत गेला की दुसरी मागणी पुरी होणे कठीण होत जाते.

८.
आता पुन्हा हॅडली घळीकडे. ३१ जुलै, पहिला दिवस. स्कॉट यांनी पहिले छिद्र घ्यायला सुरुवात केली. ड्रिलला जोडत न्यायच्या नळ्या पोकळ होत्या आणि बोरॉन व काचतंतूंपासून बनवलेल्या होत्या. एक नळी आत गेली की ड्रिल काढायचे, पुढची नळी जोडायची आणि पुन्हा ड्रिल चढवायचे, असा क्रम होता. आरंभी काम सुरळीत चालले. मग वेग मंदावला आणि सुमारे १.६ मीटरवर छिद्र अडले. लक्ष्याच्या जेमतेम निम्मी खोली गाठली होती.

९.
दुसरे संकट त्याच्या पाठोपाठ आले. जमिनीतील नळी फिरेना, तेव्हा यंत्राचा सगळा पीळ चकावर आला. अपेक्षेहून कितीतरी जास्त पिळामुळे चक नळीवर गच्च बसला. आता ड्रिल निघाल्याशिवाय पुढची नळी जोडता येईना. तो पकडीने पिळून सोडवावा लागला. दाबाने फुगलेल्या हातमोज्यात मूठ वळणे म्हणजे प्रत्येक वेळी कडक रबरी चेंडू दाबणे. स्कॉट यांची बोटांची टोके ठणकू लागली.

१०.
बिट अडकले की माणूस सहजप्रवृत्तीने आणखी जोर लावतो. पण येथे दाब वाढवणे म्हणजे रोग वाढवणे होते; कारण दाबाने बिट पुढे सरकते, चुरा अधिक तयार होतो आणि आधीच तुंबलेल्या खाचांत तो आणखी ठासला जातो. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्ट रोजी, दुसऱ्या छिद्राचीही तीच गत झाली. त्यातील तापमापक जेमतेम १ मीटरच्या आसपास पोहोचला.

११.
मग त्याच ड्रिलने मातीचा गाभा काढायचा होता. या नळ्या वेगळ्या होत्या, टायटेनियमच्या. त्या भराभर आत गेल्या आणि सुमारे २.४ मीटर खोली गाठली. मात्र वर ओढायची वेळ आली, तेव्हा नळी हलेचना. चंद्राची माती वरून पिठासारखी मऊ असते. पण काही इंचांखाली ती विलक्षण घट्ट होते. तिथे वारा-पाणी नसल्याने कणांच्या कडा झिजलेल्या नसतात. असे धारदार कण एकमेकांत अडकून बसतात. दिवस संपला. नळी तशीच जमिनीत ठेवून दोघे यानात परतले.

१२.
२ ऑगस्ट, तिसरा आणि शेवटचा दिवस. रुतलेली नळी सोडवणे हे पहिले काम. दोघांनी ड्रिलच्या एकेका मुठीखाली हात अडकवून जोर लावला. नळी इंच-इंच सरकू लागली. शेवटी मुठींखाली खांदे लावून, आकडे मोजत, एकदम रेटा दिला. नळी बाहेर आली. स्कॉट यांच्या खांद्याला मात्र ताण बसला.

१३.
हाल येथे संपले नाहीत. सहा नळ्यांचा हा लांबलचक दांडा सुटा करायचा होता, आणि त्यासाठी मोटारीच्या मागे एक व्हाइस बसवला होता. पृथ्वीवरच तो उलटा बसवला गेला होता! परिणामी त्याची पकड नेमकी नको त्या दिशेने काम करी. इतका वेळ खर्ची पडलेला पाहून, या ड्रिलवर आणखी किती तास घालवायचे, असा सवाल स्कॉट यांनी ह्यूस्टनला केलाच. अखेर निम्म्या नळ्या सुट्या झाल्या. उरलेल्या तीन जोडलेल्या अवस्थेतच पृथ्वीवर आणल्या गेल्या.

१४.
याची किंमत मोजावी लागली. उतरण्याच्या जागेच्या उत्तरेला ‘नॉर्थ कॉम्प्लेक्स’ नावाचा टेकड्यांचा समूह होता. तो ज्वालामुखीजन्य असावा, अशी तेव्हा शक्यता वाटत होती. तिथली भेट वेळेअभावी रद्द झाली. त्या टेकड्यांवर पुढेही कोणाचे पाऊल पडले नाही. एका अडकलेल्या नळीपायी एक संपूर्ण ठिकाण हातचे गेले.

१५.
मग हा सौदा तोट्याचा ठरला का? गाभा उघडला, तेव्हा त्यात मातीचे चाळिसांहून अधिक वेगवेगळे थर दिसले. प्रत्येक थर म्हणजे दूरच्या कुठल्यातरी आघाताने उडून आलेल्या धुळीची नोंद. न्यूट्रॉनांच्या खुणांवरून शास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष काढला की हा थरांचा ढिगारा सुमारे ५० कोटी वर्षे जवळपास अबाधित होता. पोथीची पाने उलटावीत, तसा चंद्राचा भूतकाळ त्यातून वाचता आला.

१६.
उथळ छिद्रांतील तापमापकांनीही निराश केले नाही. पुनर्गणनेनंतर हॅडली येथील उष्णतेचा प्रवाह दर चौरस मीटरला सुमारे २१ मिलिवॅट ठरला. म्हणजे पृथ्वीच्या सरासरीच्या साधारण पाव हिस्सा. चंद्र थंडावलेला आहे, पण पुरता निवालेला नाही, हे प्रत्यक्ष मोजमापाने कळले.

१७.
दोष कुठे होता? चौकशीत आढळले की दोन नळ्यांच्या सांध्यापाशी बाहेरच्या खाचा खंडित होत होत्या. वर चढणारा चुरा तिथे अडे आणि ठासला जाई. मोर्स यांच्या बिटाचे मर्म असलेली अखंड खाच नेमकी सांध्यावर तुटली होती! अपोलो १६ साठी सांध्यांची रचना बदलली आणि गाभा उपसण्यासाठी जॅकही दिला गेला.

१८.
एप्रिल १९७२ मध्ये चार्ल्स ड्यूक यांनी या सुधारलेल्या नळ्यांनी छिद्र अगदी सहज घेतले. पण दैव पाहा : जॉन यंग यांचा पाय तारेत अडकला, तार तुटली आणि उष्णतेचा प्रयोग तिथेच संपला. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या यूजीन सर्नन यांनी मात्र दोन्ही छिद्रे सुमारे अडीच मीटरपर्यंत नेली. गाभा उपसताना जॅक असूनही त्यांना आणि हॅरिसन श्मिट यांना बराच घाम गाळावा लागला.

१९.
ही कहाणी आपल्यापर्यंतही येते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले. विक्रम लँडरवरील ‘चास्टे’ उपकरणाने आपली तापमापक सळई जमिनीत सुमारे १० सेंटिमीटर खुपसली. पृष्ठभागावर ५० अंश सेल्सिअसच्या वर असलेले तापमान अवघ्या ८ सेंटिमीटरवर उणे १० च्या आसपास उतरले होते. ही माती उष्णता किती अडवते, हे त्यातून दिसले. आणि लँगसेथ यांना ३ मीटर का हवे होते, हेही उमगते.

२०.
मोठ्या मोहिमांचा इतिहास आपण अग्निबाणांच्या ज्वाळांत शोधतो. पण तो पुष्कळदा एखाद्या सांध्यावर तुटलेल्या खाचेत, न सुटणाऱ्या चकात आणि उलट्या बसवलेल्या व्हाइसमध्येही दडलेला असतो. पुढच्या वेळी तुमचे बिट भिंतीत अडकले, तर दाबू नका. आधी चुऱ्याला वाट द्या. हा धडा चंद्रावर फार महाग पडला होता.

धागा समाप्त. चांद्रमोहिमांविषयी शंका असतील, तर खाली अवश्य विचारा.