शेफील्डचे घडीचे चाकू आणि त्यांचे अनामिक कर्ते

इंग्लंडच्या उत्तरेस, यॉर्कशायर परगण्याच्या दक्षिण सरहद्दीवर, जेथे डॉन, शीफ, रिव्हलिन, लॉक्सली आणि पोर्टर या पाच लहानमोठ्या नद्या डोंगरउतारावरून वेगाने खाली येऊन एकमेकींना मिळतात, तेथे शेफील्ड हे शहर वसले आहे; आणि त्याचा भूगोल पाहिला की पात्यांच्या धंद्यासाठी ही जागा निसर्गानेच मुक्रर करून ठेवली होती की काय, असे वाटू लागते. पाणचक्क्या फिरतील इतका नद्यांना उतार, सहाणी काढता येतील असा खरखरीत वालुकाश्म, भट्ट्यांच्या कोळशाला पुरेल एवढे रान आणि आसपास लोखंडाचे खनिज, ही सारी सामग्री तेथे एकत्र आली होती. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात कवी चॉसरने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एका मस्तवाल चक्कीवाल्याचे वर्णन केले, तेव्हा त्याच्या पायमोज्यात खोचलेली सुरी शेफील्डची असल्याचे आवर्जून सांगितले. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीही, रोज अंगावर सुरी बाळगणे हा सामान्य माणसाचा परिपाठ होता आणि ती कोणत्या गावची, याला महत्त्व होते.

गावाच्या नावाला आलेली ही पत सांभाळण्यासाठी १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’ ही संस्था स्थापन झाली. उमेदवारी किती वर्षे करावी, एका कारागिराने किती शागीर्द ठेवावेत, पात्यात कोणते लोखंड घालावे, इत्यादी सर्व बाबींचे नियमन ती करी. परंतु तिचा सर्वांत मोठा अधिकार मुद्रा बहाल करण्याचा होता. उमेदवारी पुरी केलेल्या प्रत्येक कारागिराला ही संस्था एक स्वतंत्र चिन्ह देई, ते दफ्तरात नोंदले जाई, आणि पात्याच्या बुंध्यावर ते ठोकल्यावाचून माल बाजारात जात नसे. अक्षरशत्रू गिऱ्हाइकालाही चिन्ह ओळखता येते. म्हणून चांदणी, क्रूस, मुकुट, बाण, डोळा अशा चित्रमय मुद्रांनाच मोल आले, आणि त्या वारशाने, खरेदीने किंवा भाडेपट्ट्याने हस्तांतरित होऊ लागल्या. जोसेफ रॉजर्स यांच्या पेढीची चांदणी-आणि-माल्टी-क्रूस ही जगप्रसिद्ध मुद्रा मूळची त्यांची नव्हेच. ती १६८२ साली दुसऱ्याच एका कारागिराला मिळाली होती आणि १७६४ साली रॉजर्स घराण्याकडे आली. मुद्रा अशी कर्त्यापासून सुटी होऊन स्वतंत्र मिळकत बनली, ही गोष्ट पुढील साऱ्या इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास या धंद्याला जी कलाटणी मिळाली, ती एका घड्याळजीमुळे. बेंजामिन हंट्समन हा डॉन्कास्टरचा घड्याळे करणारा गृहस्थ. घड्याळाच्या कमानींसाठी मिळणारे पोलाद एकजिनसी नसे, कोठे मऊ तर कोठे ठिसूळ लागे, म्हणून १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ येऊन त्याने मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवून ओतण्याची रीत शोधून काढली. परंपरेने सांगितली जाणारी हकीकत अशी की, हे पोलाद घडवायला फार कठीण म्हणून गावातल्या चाकूवाल्यांनी नाकारले; हंट्समनने ते फ्रान्सला विकले; आणि त्या पोलादाची फ्रेंच पाती इंग्लंडच्या बाजारात येऊन भाव खाऊ लागली, तेव्हा हेच लोक त्याच्या निर्यातीवर बंदी घाला म्हणून सरकारदरबारी खेटे घालू लागले. ही खटपट सफल झाली नाही. मात्र पोलाद अखेर त्यांनी स्वीकारले, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे शेफील्डच्या पात्याला जगात तोड उरली नाही.

या पोलादाचा गुण जेथे कसास लागे, तो घडीचा चाकू जरा जवळून पाहण्यासारखा आहे. आपल्याकडे ज्याला खटक्याचा चाकू म्हणतात त्याहून हा प्रकार अगदी निराळा. यात पाते अडकवून ठेवणारी कोणतीही कळ नसते. मुठीच्या पाठीशी बसविलेली एक पोलादी कमान पात्याच्या चौकोनी बुंध्यावर सतत दाबून असते. पात्यावरील खाचेत नख घालून ते ओढले की बुंध्याचा कोपरा कमानीला किंचित वर उचलतो, आणि पाते पुरते उघडताच बुंध्याची सपाट बाजू कमानीखाली येऊन ती ‘टक्’ असा स्पष्ट आवाज करीत जागेवर बसते. मिटतानाही तोच आवाज येतो. पाते उघडे असो वा मिटलेले, कमानीची पाठ आणि मुठीची कड बोटाला एकसंध लागली पाहिजे, पाते कोठेही डगडगता कामा नये, आणि तरीही ते उघडताना नख मोडता कामा नये. हे सारे कानशीने, हातोडीने आणि नजरेच्या अदमासाने साधावयाचे. जेथे दोन किंवा तीन पाती एकाच मुठीत बसवायची, तेथे ती एकमेकांना न घासता शेजारी-शेजारी मिटावीत यासाठी प्रत्येकाला केसभर बाक द्यावा लागे. हे कसब अंगी यायला सात वर्षांची उमेदवारी लागे, यात नवल नाही.

चाकूचे घाट जितके, तितकी माणसांची कामे. सतराव्या शतकात बार्लो घराण्याने रूढ केलेला साधा, भक्कम, मुठीच्या तोंडाशी लांब पोलादी पट्टी असलेला चाकू पुढे अमेरिकेतल्या पोरासोरांच्या खिशात गेला. मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या कादंबरीत टॉम सॉयरला साडेबारा सेंट किमतीचा बार्लो बक्षीस मिळतो आणि तो हर्षाने वेडा होतो. सरळ धारेचा ‘लॅम्बफूट’ शेतकऱ्याचा आणि कामगाराचा. दोर कापणे, तंबाखूची वडी तासणे, दुपारची पावभाकरी चिरणे, हा त्याचा नित्यक्रम. आणि बारीक पात्याचा ‘पेननाइफ’ हा लेखनिकाचा, कारण हंसाच्या पिसाची लेखणी दिवसातून कितीदा तरी तासावी लागे. या शेवटच्या प्रकाराचे आपल्याला अगत्य वाटावे, कारण पेशवाई दफ्तरातल्या कारकुनाच्या कलमदानातही दौत आणि शाई टिपण्याची वाळू यांच्या जोडीला कलमतराश असेच. बोरूचे टोक तिरके छाटून मध्ये बारीक चीर पाडणे, आणि झिजले की पुन्हा छाटणे, हे ज्याला साधले नाही त्याचे अक्षर कधी वळणदार झाले नाही. लंडनच्या सरकारी कचेरीतला लेखनिक आणि पुण्याच्या फडावरचा कारकून, दोघांचीही सरकारे त्या तीन बोटे लांबीच्या पात्यावाचून चालली नसती.

एकोणिसाव्या शतकात शेफील्डचे वैभव शिगेला पोहोचले आणि त्याबरोबर त्याचा डौलही. १८२२ साली चौथ्या जॉर्ज राजाची सनद मिळविलेल्या रॉजर्स पेढीने त्याच सुमारास १८२२ पात्यांचा एक चाकू प्रदर्शनार्थ घडविला. १८५१ च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनासाठी कोरीव शिंपल्याच्या मुठीचा, ७५ पात्यांचा ‘नॉरफोक’ चाकू केला. खिशात मावणारे हत्यार अशा रीतीने भिंतीवरच्या काचेत जाऊन बसले. या पेढीचा माल हिंदुस्थानातही विपुल येई. परंतु आपला आणि शेफील्डचा खरा व्यवहार उलट्या दिशेचा होता. पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत झांझिबारहून मुंबईस येई आणि मुंबईच्या गोदीतून लंडनला रवाना होई; आणि आपल्या रानांत सांबरे दरवर्षी जी शिंगे गाळतात, ती वनवासी लोक वेचून आणीत आणि तीही जहाजांत चढत. सांबरशिंग आतून इतर हरणांच्या शिंगापेक्षा अधिक भरीव असते, म्हणून मुठीसाठी त्यालाच मागणी. इंग्रज शेतकऱ्याच्या खिशातला ‘स्टॅग’ मुठीचा चाकू हा अर्धा भारतीय होता, आणि याची वार्ता त्यालाही नव्हती आणि शिंगे वेचणाऱ्यालाही नव्हती.

हा झाला दर्शनी भाग. त्याच्या मागे जो कारखाना होता, त्याचे चित्र भयंकर आहे. शेफील्डचा चाकू एका हाताने होत नसे: लोहार पाते घडवी, शिकलगार ते सहाणेवर घाशी, आणि ‘कटलर’ मूठ व कमान जुळवून चाकू पुरा करी. यांपैकी बहुतेक लोक पेढीचे नोकरही नसत. भाड्याच्या खोलीत, भाड्याच्या चाकावर, कंत्राटाने काम करणारे हे ‘लिटल मेस्टर’ म्हणजे छोटे उस्ताद. शिकलगार लाकडी घोडीवर, फिरत्या दगडावर ओणवा होऊन बसे, आणि दगडाची व पोलादाची धूळ दिवसभर छातीत ओढी. १८३० साली डॉ. अर्नल्ड नाइट यांनी लिहून ठेवले की, गावातल्या सुमारे २५०० शिकलगारांपैकी कोरड्या दगडावर जेवणाचे काटे घासणारे, ८० पुरुष आणि ७० मुलगे, अठ्ठावीस ते बत्तीस या वयात मरतात. आणि ओल्या दगडावर सुऱ्या घासणारेही चाळीस ते पन्नासच्या दरम्यान जातात. धूळ ओढून घेणारे पंखे निघाले, तर कित्येक कामगारांनीच त्यांना विरोध केला: मरणे कमी झाली तर कारागीर वाढतील आणि मजुरी उतरेल, असा त्यांचा हिशेब होता. ज्या गावात माणूस स्वतःच्या आयुष्याचा असा हिशेब मांडतो, तेथे १८६० च्या दशकात संघाबाहेरच्या कामगारांची हत्यारे पळविण्यापासून दारूचे स्फोट घडविण्यापर्यंत मजल जावी, आणि १८६७ साली सरकारला चौकशी बसवावी लागावी, हे क्रमप्राप्तच होते.

उतरती कळा बाहेरून लागली. १८९० मध्ये अमेरिकेने मॅकिन्ली कायद्यान्वये जबर जकात बसविली आणि शेफील्डची सर्वांत मोठी पेठ बंद पडत चालली. जर्मनीतील झोलिंगनचा यंत्रावर केलेला स्वस्त माल तर आधीपासूनच शेफील्डच्या खोट्या नावाने विकला जात होता, ज्याच्या बंदोबस्तासाठी १८८७ चा व्यापारचिन्ह कायदा करावा लागला. १९१३ साली हॅरी ब्रियर्लीने शेफील्डमध्येच न गंजणारे पोलाद सिद्ध केले. परंतु लेखणी तासण्याचे काम टाकाने, आणि पुढे झरणीने, आधीच संपविले होते, आणि बंद डब्यांनी व पुड्यांनी उरलेली कामे हळूहळू नेली. रॉजर्स आणि त्यांची जुनी प्रतिस्पर्धी वोस्टनहोम पेढी १९७१ मध्ये एक झाल्या. मुद्रा विकल्या गेल्या, कारखाने पाडले गेले.

कायद्यानेही खिसा तपासायला आरंभ केला. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू विनाकारणही बाळगता येतो. मात्र पाते अडकवून ठेवणारी कळ असलेला चाकू या सवलतीत बसत नाही, असा न्यायालयांनी अर्थ लावला, म्हणजे जुन्या साध्या कमानीलाच कायद्याने अभय दिले. आपल्याकडील शस्त्रनियमांचा रोख नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांवर आहे, आणि घरगुती व शेतीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. पण मुंबईच्या हिंदी चित्रपटांनी रामपुरी चाकूला गुंडाच्या हाती असे काही दिले की, खिशात चाकू आहे म्हटल्यावर सभ्य माणसाकडेही लोक साशंकतेने पाहू लागले.

आता हे चाकू संग्राहकांचे झाले आहेत. संग्रह करण्याची वृत्ती मला हीन वाटत नाही. दिनकर केळकरांनी घरोघरचे अडकित्ते गोळा करून पुण्याच्या वस्तुसंग्रहालयात मांडले नसते, तर आपल्या पानसुपारीच्या कारागिरीचा अर्धा पुरावा मोडीत गेला असता. पण चाकूच्या बाजारात एक विपरीत न्याय रूढ आहे: ज्याच्या पात्याला कधी सहाण लागली नाही, तो कोरा चाकू सर्वांत महाग, आणि जो चाळीस वर्षे एखाद्या मेंढपाळाच्या खिशात राहिला, तो कवडीमोल. वास्तविक हा दुसराच खरा दस्तऐवज. त्याचे पाते घासून घासून निम्म्यावर आलेले असते, फळांच्या आंबटाने पोलादावर निळसर करडी झाक चढलेली असते, सांबरशिंगाच्या खाचा अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झालेल्या असतात. धार कोणत्या बाजूने अधिक खाल्ली आहे यावरून धनी उजवा होता की डावखुरा, हेही जाणत्याला सांगता येते. मुद्रेवरून फक्त मालक कळतो, आणि तोही मूळचा असेलच असे नाही.

स्टॅन शॉ हे या परंपरेतले एक थोर कारागीर. १९२६ साली जन्मलेल्या या गृहस्थाने चौदाव्या वर्षी इबरसन पेढीत उमेदवारी धरली आणि जवळजवळ आयुष्याच्या अखेरीपर्यंत चाकू घडविले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. उत्तरायुष्यात त्यांच्या चाकूंवर पेढीची नव्हे, स्वतःच्या नावाची अक्षरे होती, आणि गिऱ्हाइके वर्षानुवर्षे वाट पाहत. तीनशे वर्षे दुसऱ्याच्या मुद्रेखाली राबलेल्या जमातीतल्या एकाला हा मान मिळाला. त्याच्या आधीच्या हजारोंना तो मिळाला नाही. हस्तिदंताचा व्यापार जगाने थांबविला, सांबरशिंगाची निर्यात भारताने बंद केली, हे उचितच झाले. त्यामुळे जुन्या मुठींचे भाव चढतील आणि संग्राहक मुद्रा शोधीत हिंडतील. त्यांनी हिंडावे. परंतु जुना चाकू विकत घेणाराने तो कापसात गुंडाळून ठेवण्याऐवजी खिशात घालावा, त्याने आंबा चिरावा, सुतळी कापावी, पेन्सिलीला टोक करावे, आणि धार गेली की सहाणेवर लावावी. शिकलगाराने प्राण खर्चून दिलेली धार न वापरणे, याला जतन म्हणत नाहीत.